ब्रेकबाई आणि रेलणारी घोडी

तिला सगळे ब्रेकबाई म्हणत. मोटार शिकवण्याच्या शाळेत ती शिकणाऱ्याच्या शेजारी बसे. तिच्या पायाखाली दुसरा ब्रेक असे आणि शिकणाऱ्याला धोका दिसायच्या आत तो दाबलेला असे. आपल्या हाताखाली कधी अपघात झाला नाही, असे ती सांगते आणि ते खरे आहे. परवाना मिळाल्यावरही ब्रेक कधी दाबायचा हे आपल्याला कळत नव्हते, असे तिचे शिष्य सांगतात. तेही खरे आहे. घरची गाडी नवरा चालवी, तेव्हाही तिचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर रुतलेला असे.

"दाब, दाब," तो म्हणे, "एक दिवस भोक पाडून रस्त्यावर उतरशील."

अशा बाईने पन्नाशी उलटल्यावर घोडेस्वारी शिकायला घेतली. तीही रिंगणात घोड्याला तोलून चालवण्याची. घोड्याने मागचे पाय पोटाखाली घ्यावेत, भार मागे तोलावा, म्हणजे खांदे हलके होतात आणि मान आपोआप कमानदार होते, असे शिक्षिकेने पहिल्याच दिवशी समजावले होते. ब्रेकबाईने त्यातली मान तेवढी लक्षात ठेवली. ती लगाम खेचून तपकिरी घोडीची मान वाकवी आणि घोडी त्याच लगामावर रेलून निवांत चाले. कोण कोणाला वाहून नेत होते, हे सांगणे कठीण होते.

रेलणारी घोडी नवशिक्यांना देता येईना. शेवटी शिक्षिका वैतागली.

"काकू, रविवारच्या परीक्षेत ही स्वतःच्या तोलावर चालली तर ठेवते. नाहीतर विकते. गिऱ्हाईक बघून गेलंय."

ब्रेकबाईचा जीव त्या घोडीत अडकला होता. परिणामी तिने लगाम अधिकच घट्ट धरला. रिंगणाच्या मधोमध उभी राहून शिक्षिका ओरडे, "सावर! अगं, सावर ना!" ब्रेकबाई खेची. "सावर गं!" ती आणखी खेची. शुक्रवारी दोघींचाही संयम संपला.

"अजून किती सावरू? खांदे निखळले माझे!"

"तुम्हाला कोण सांगतंय?"

"आत्ता ओरडलीस ना, सावर म्हणून?"

"घोडीला! काकू, तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या. मी तुम्हाला अगं-तुगं करेन का?"

एका एकवचनी क्रियापदाने सबंध हंगाम वाया घालवला होता. शिक्षिकेला घोड्यांशी बोलायची खोड. ब्रेकबाईला प्रत्येक सूचना आपल्यालाच आहे असे समजायची. दोघींची बाजू ऐकल्यावर आदर वाटतो तो घोडीबद्दल.

"मग मी काय करायचं?"

"पायाने तिला पुढे बोलवा, मूठ क्षणभर मिटा आणि लगेच सैल सोडा. सावरायचं काम तिचं."

"आणि पडली तर?"

"चार पाय आहेत तिला."

रविवारच्या परीक्षेत एक टप्पा नेमका याचाच होता: दुडक्या चालीत दोन्ही हात पुढे नेऊन लगाम ढिला सोडायचा आणि घोडीने चाल न बदलता चालत राहायचे. दाढ उपटून घ्यायला बसल्यासारखा चेहरा करून ब्रेकबाईने हात पुढे नेले. घोडीने नेहमीचा आधार शोधला. तो सापडेना. मग तिने पाठ उचलली, मागचे पाय आत घेतले आणि खांदे हलके करून ती आपली आपण, डौलात चालू लागली. मान कोणीही न वाकवता वाकली होती.

ब्रेकबाईला हे सोसवले नाही. तिने झटकन लगाम आवळला. घोडी जागच्या जागी थांबली.

"उत्तम चालली होती," परीक्षक म्हणाले. "थांबवलीत का?"

"पुढे वळण होतं."

तिला गुण नावापुरते मिळाले. शिक्षिकेने कपाळाला हात लावला.

"घोडी राहील. खोट तिच्यात नव्हतीच."

ब्रेकबाईने सुटकेचा निःश्वास टाकून लगाम गोळा करायला घेतला.

"तो इकडे द्या," शिक्षिका म्हणाली.

तेव्हापासून शिक्षिका घोडीला लांब दोरीवर फिरवते आणि ब्रेकबाई कमरेवर हात ठेवून, लगामाशिवाय वर बसते. वळण आले की तिचा उजवा पाय रिकिबीत रुततो. घोडी तिकडे लक्ष देत नाही.