एक गुलाब कमी

काल अमरावतीत आमच्या कॉलेजच्या स्वागत समारंभात कुणीतरी माझ्या हातात गुलाब दिला. काटा बोटात रुतला आणि मला बाळापूरजवळच्या आमच्या शाळेतला बारावीचा निरोप समारंभ आठवला.

त्या दिवशीचे गुलाब माझी मैत्रीण वर्षा घरच्या मळ्यातून घेऊन आली होती. ओल्या फडक्यात बांधलेले, आणि प्रत्येकाचे काटे तिने स्वतः काढलेले. तिच्या बोटांना हिरव्या देठांचा कच्चा वास येत होता. अकरावीची मुलं एकेकाला पुढे बोलावून गुलाब देऊ लागली. हजेरीत वर्षाचं नाव शेवटचं. ते पुकारलं, तेव्हा फडकं रिकामं होतं.

"गणितात पैली येतं, अन् फुलं मोजता येत नाई तुले?" मी तिला चिडवलं.

"बरोबरच मोजले व," ती हसून म्हणाली. "पुढं शिकायले जाणाऱ्याईले पायजेत ते. मी तं आता फुलाईतच राहीन."

सगळे हसले. मीही हसले. तिला कॉलेजात पाठवणार नव्हते, हेच ती सांगत होती. मला ती गंमत वाटली. आमच्या घरातून बारावीच्या पुढे जाणारी मी पहिलीच. माझं लक्ष कदाचित माझ्यातच होतं. पण हे कारण आता मलाच पुरत नाही.

माझ्या हातात गुलाब होता. तो तिला द्यावा, हे मला सुचलं नाही. मी तो वहीत जपून ठेवला.