शेषरावांनी लावलेली जोड

सेनगावकडच्या गोरेगावजवळ आमचं गाव. तिथे यात्रेच्या कुस्त्यांची जोड लावावी ती शेषरावांनीच. दोन्ही पैलवानांचे खांदे चाचपायचे, त्यांना शेजारी उभं करायचं आणि तोडीस तोड वाटले तरच एकाचा हात दुसऱ्याच्या हातात द्यायचा. 'शेषरावांनी जोड लावली' एवढ्यावर पोरांच्या सोयरिकी जमल्यात, उगाच सांगत नाही.

यंदा विश्वजीत पैलवानाला बोलवायचं त्यांनीच काढलं. हा मोबाइलच्या रीलमध्ये मांडी थोपटताना दिसतो तो. गडी आला, पण त्याचे नखरे! गाडी पांढरीच हवी, दूध समोर काढलेलंच हवं. अख्खी यात्रा कमिटी त्याच्यामागे धावत होती. एवढे लाड कुणी जावयाचेही करत नाही. शेषराव मनातून वैतागले होते. पण सेनगाव, कळमनुरीकडून जीपा भरभरून माणसं येत होती, म्हणून गप्प बसले.

ऐन कुस्तीच्या वेळी त्याने खरी अट घातली. त्याच्यासाठी वाशिमहून आणलेला तगडा पैलवान त्याने नुसता पाहिला आणि म्हणाला, "याच्याशी नाही लढणार. दुसरा द्या, नाहीतर मी निघालो."

पब्लिक शिट्ट्या मारत होतं. कमिटीवाले शेषरावांच्या तोंडाकडे बघू लागले. शेषरावांची नजर धर्मसिंगवर थांबली. धर्मसिंग गावचाच, ट्रॅक्टर चालवणारा, लहानसहान यात्रांतून कुस्त्या मारणारा. अंगाने भरलेला, पण उजवा गुडघा दुखरा. तो लंगडतोय हे सकाळीच शेषरावांना दिसलं होतं. तरी त्यांनी त्याचा हात विश्वजीतच्या हातात दिला.

कुस्ती झटक्यात संपली. धर्मसिंगचा गुडघा असा फिरला की त्याला उचलूनच बाहेर काढावं लागलं. विश्वजीत फेटा बांधून सेल्फी देत फिरला. दुकानदार खूश, कमिटी खूश. पुढच्या वर्षीही त्यालाच आणायचं, हे तिथल्या तिथे ठरलं.

धर्मसिंगची कुस्ती आता कायमची बंद, असं नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून शेषरावांना अन्न गोड लागेना. "काहून जिवाला लावून घेऊन राहिले?" त्यांची बायको अनुसयाबाई म्हणाली. "कुस्तीत लागतच असते." पण आपण जोड लावली नाही, बकरा दिला, हे त्यांचं त्यांना माहीत होतं. त्यांना स्वतःची लाज वाटत होती.

शेवटी खरं ते सांगून टाकायचं ठरवून ते धर्मसिंगकडे गेले. तो खाटेवर पाय लांब करून बसला होता.

"धर्मसिंग, त्या दिवशी माझ्या हातून..."

"काका, मनाला तकलीफ करून घेऊ न्हका," तो मध्येच म्हणाला. "कुस्ती सुटली, वाईट तर वाटतेच. पन तुमी माझी जोड विश्वजीतसंगं लावली! तोडीचा असल्याबिगर तुमी कुनाचा हात देत न्हाई, साऱ्या गावाला ठाऊक हाय." मग त्याने विचारलं, "मी बराबरीचा व्हतो ना, काका?"

शेषरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"व्हय. बराबरीचाच व्हतास."

धर्मसिंगचा चेहरा उजळला. "जरा मोठ्यानं म्हना, काका. आत मायला ऐकू जाऊ द्या."

शेषराव मोठ्याने म्हणाले.