सहावा तुकडा

पोस्टर हॉस्पिटलच्या धुलाईघराच्या फाटकावरच चिकटवलं होतं. क्लबच्या मैदानावर प्रथमच महिलांचा फुटबॉल सामना. बाकीची अक्षरं निळी होती, ‘प्रथमच’ तेवढं लाल. आत्याने ते उभ्या उभ्या वाचलं, आत गेली आणि दिवसभर चादरी इस्त्रीच्या तापलेल्या रुळांमधून ओढत राहिली. एका बाजूने ओली चादर आत जाते, दुसऱ्या बाजूने कोरडी, कडक आणि तापलेली बाहेर येते. ती बाहेर येताना कुणीतरी पकडायची असते. चाळीस वर्षं ते कुणीतरी म्हणजे माझी आत्या. तिच्या बोटांना आता चटका कळत नाही. बाकी सगळं कळतं.

संध्याकाळी ती आमच्या घरी आली. बाबा वर्तमानपत्र पसरून नखं कापत बसले होते. बाबा तिचा धाकटा भाऊ, आणि क्लबचे सेक्रेटरी. आई आतून म्हणाली, “वन्सं, बसा तरी.” पण ती बसली नाही.

“प्रथमच?” आत्याने विचारलं.

बाबांनी नखावरची नजर काढली नाही. जाहिरातीची भाषा तशीच असते, म्हणाले, तिचं काय एवढं मनाला लावून घ्यायचं. गादीवाल्या कंपनीने पैसे दिलेत, शब्दही त्यांचेच. शिवाय तुमचं ते जे काही होतं, त्याला सामना म्हणणं जरा जास्तच होईल.

“मग काय म्हणायचं त्याला?”

बाबांनी दुसरा हात पुढे घेतला आणि अंगठ्यापासून सुरुवात केली.

तर ते जे काही होतं, ते असं होतं. आत्या बाविशीत होती. धुलाईघराच्या मागच्या अंगणात, वाळत घातलेल्या चादरींच्या रांगांमध्ये, त्या बायका जेवणाच्या सुट्टीत फुटबॉल खेळत. कपड्यांच्या ढिगांचे गोल. आत्या मागे उभी राहायची आणि तिच्या बाजूने चेंडू जात नसे, म्हणून तिचं नाव ‘भिंत’ पडलं. घड्या घालणारी एक होती, ती सगळं डाव्या पायाने करायची, ती ‘डावी’. दोन संघ होण्याइतक्या बाया जमल्यावर त्यांनी क्लबकडे मैदान मागितलं. कमिटी हसली, मग कमिटीला कल्पना सुचली. पुरुषांच्या सामन्यात मध्यांतराची पंधरा मिनिटं मैदान रिकामंच असतं. तेवढ्यात खेळा. लोकांची करमणूक होईल. सर्कशीत दोन खेळांच्या मध्ये विदूषक येतात, तसं.

पहिल्या रविवारी लोकांनी शिट्ट्या मारल्या. घरी भाजी करपतेय, असं कुणी ओरडलं. कुणी विचारलं की गोल झाल्यावर चादर वाळत घालणार का. पंधरा मिनिटं संपली, पुरुष परत आले, बायकांना हाकललं. सगळ्यांना वाटलं, झाली गंमत.

दुसऱ्या रविवारी त्या मैदानावर आल्या, तेव्हा डावीने चेंडू उचलला आणि उजव्या कोपऱ्याजवळ एका जागी नेऊन ठेवला. मागच्या रविवारी शिट्टी झाली तेव्हा चेंडू तिथे होता. तिथूनच खेळ पुढे सुरू झाला. कुणाच्या पायात होता, कोण कुठे उभी होती, सगळं त्यांना पाठ. एका वेळी पूर्ण सामना देत नाही ना, मग तुकड्या-तुकड्याने खेळू. पंधरा-पंधरा मिनिटांचे सहा तुकडे. सहा रविवार, नव्वद मिनिटं. हे त्यांनी कमिटीला सांगितलं नव्हतं. कमिटीने विचारलंही नव्हतं.

लोकांच्या मात्र लक्षात आलं. तिसऱ्या रविवारी स्टँडमधून कुणी विचारलं की स्कोअर काय होता. चौथ्या रविवारी डावीने गोल केला आणि जे लोक भाजीबद्दल ओरडले होते ते बाकावर उभे राहिले. पाचव्या रविवारी एक-एक अशी बरोबरी झाली, आणि पुरुष उत्तरार्धासाठी बाहेर आले तेव्हा स्टँडमधून आवाज उठला, थांबा हो जरा. त्या पुरुषांमध्ये बाबा होते. नऊ नंबरचे, गावाचे लाडके. त्यांना रेषेबाहेर उभं राहून बहिणीचा खेळ संपायची वाट पाहावी लागली.

सहावा रविवार आला नाही.

कारण म्हणून जे सांगितलं गेलं, ते आजही सांगतात: गवत खराब होतं, बायकांच्या शरीराला हा खेळ मानवत नाही, आणि मुख्य म्हणजे कोण बघतंय. खरं कारण चहावाला होता. मैदानाचं कँटीन चालवणाऱ्याने कमिटीकडे तक्रार केली की मध्यांतरात गिऱ्हाईकच येत नाही, सगळे मैदानाकडे तोंड करून बसून राहतात. त्याचा चहा पातेल्यात उकळून उकळून काळा होतो. मग मतदान झालं, आणि खेळाडूंच्या वतीने हात वर केला बाबांनी.

कुणी बघत नाही म्हणून एखादी गोष्ट बंद पडते, हे समजण्यासारखं आहे. ही सगळे बघतात म्हणून बंद केली, आणि नंतर चाळीस वर्षं सांगितलं की कुणी बघत नव्हतं. हे मी जेव्हा जेव्हा मनात घोळवते, तेव्हा माझे दात एकमेकांवर घट्ट बसतात.

पुढे बाबांचा फोटो क्लबच्या हॉलमध्ये लागला. आत्या चादरी ओढत राहिली. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायची, भिंतीला कोण मागणी घालणार. मैदानाच्या रस्त्याने ती कधी जात नसे, लांबचा वळसा घ्यायची. पण माझी धाकटी बहीण चालायला लागली तशी आत्याने तिच्या पायापुढे चेंडू ठेवला. बाबांना वाटलं, पोरीचा खेळ आहे, मोठी झाली की सुटेल.

सुटला नाही, कारण मधल्या काळात जग बदललं. टीव्हीवर बायकांचे सामने दिसू लागले, भरलेली स्टेडियमं दिसू लागली. आमच्या गल्लीतली पोरं पाठीवर बाईचं नाव लिहिलेली जर्सी घालून हिंडू लागली, आणि त्यात मुलगेही होते. क्लबला एकाएकी कळलं की आपल्याला महिला संघ हवा. ही काही भूतदया नव्हती. गादीवाल्यांनी अट घातली होती.

संघ झाला म्हणजे काय, तर पुरुषांच्या ज्युनियर संघाचे उतरलेले बूट मुलींना मिळाले. धाकटी पुढच्या भागात कापूस कोंबून खेळायची. सराव पुरुषांचा आटोपल्यावर, उखडलेल्या मैदानावर. आणि मग जेवताना बाबा म्हणायचे की तुलना करू नये, पण बायकांचा खेळ जरा संथच असतो.

“तुझ्या आताच्या नऊ नंबरला बुटात कापूस घालून पळव एकदा,” आत्या म्हणाली होती. “मग संथ कोण ते बघू. तुलना करायची ना? कर. पण आधी बूट दे, मैदान दे, चाळीस वर्षं दे. आमच्या पायावर पाय ठेवून उभा राहतोस आणि वर विचारतोस, पळत का नाही.”

आईला हसू आलं आणि तिने ते भांड्यांच्या आवाजात लपवलं.

पोस्टरच्या दिवशी आत्या जाताना एवढंच म्हणाली, “मी येईन. पण माईकवर तू ‘प्रथमच’ म्हणालास, तर मी काय करीन ते मलाही ठाऊक नाही.”

सामन्याच्या दिवशी स्टँड भरला. पुरुषांच्या साध्या सामन्याला भरत नाही इतका. शेवटच्या बाकावर आत्या आणि डावी बसल्या, मध्ये मी. डावीची आता कंबर धरते; ती उशी घेऊन आली होती. मुली रेषेबाहेर उड्या मारत अंग गरम करत होत्या. पण आधी क्लबच्या माजी खेळाडूंचा प्रदर्शनी सामना ठेवला होता, गर्दी खेचायला म्हणून. गर्दी कुणासाठी आलीय हे स्टँडमधल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. माजी खेळाडूंची पोटं मैदानभर हिंडली, एकाचा पाय मुरगळला, एका पेनल्टीवरून वाद झाला आणि ती तीनदा मारली गेली. मग गादीवाल्यांचे साहेब झोप आणि खेळ यांच्या संबंधावर बोलले. मुलींचं गरम झालेलं अंग पुन्हा गार पडलं.

मग बाबांनी माईक घेतला. या मैदानाच्या इतिहासात प्रथमच, असं म्हणाले. आणि पुढे म्हणाले की वेळेअभावी महिलांचा सामना अर्ध्या तासाचा होईल, कारण त्यानंतर दिव्यांच्या उजेडात पुरुष संघाचा सराव आहे.

आत्या उठली. डावीने तिला विचारलंही नाही, नुसती उशी बाजूला घेऊन वाट दिली. पायऱ्या उतरताना आत्या कठड्याला धरून उतरली, रेषा ओलांडून सावकाश चालत मैदानाच्या मधोमध गेली, आणि जिथे चेंडू ठेवतात तिथे खाली बसली.

पंच एक तरुण मुलगी होती. ती धावत आली. तिला आत्या म्हणाली, “तू तुझी शिट्टी सांभाळ, बाळ. भांडण तुझ्याशी नाही.” मी रेषेपर्यंत पोचले होते. बाबा माईक हातात तसाच घेऊन मैदानात शिरले, पाठीमागे वायर ओढत.

“ताई, ऊठ. लोक बघतायत.”

“तेव्हाही बघत होते,” आत्या म्हणाली. माईक चालू होता. तिचा आवाज सगळ्या स्टँडभर गेला.

बाबा हळू आवाजात म्हणाले की घरी बोलू. पण हळू आवाजही माईकमधून गेला, आणि कुणीतरी हसलं. त्यांनी माईक पाठीमागे धरला. आत्याने हात पुढे करून तो पुन्हा त्यांच्या तोंडासमोर आणला.

“किती मिनिटं?”

धाकटी येऊन आत्याच्या शेजारी खाली बसली. मग तिच्या संघातली एक, मग समोरच्या संघातल्या दोघी. बाबांनी कमिटीच्या खुर्च्यांकडे पाहिलं. तिथे प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहत होता. गादीवाले साहेब स्टँडकडे पाहत होते आणि त्यांनी होकाराची मान हलवली.

“नव्वद,” बाबा म्हणाले. “सामना पूर्ण होईल.”

“आणि?”

बाबांच्या कपाळावरचा घाम मला रेषेवरून दिसत होता. त्या क्षणी मला त्यांची कीव आली असती, पण मी ती येऊ दिली नाही.

“आणि हा इथला पहिला नाही,” ते म्हणाले.

“मग पहिल्याचं काय झालं?” स्टँडमधून एका बाईने विचारलं.

बाबांनी माईक दुसऱ्या हातात घेतला. “तो संपला नाही,” ते म्हणाले. “आम्ही संपू दिला नाही.”

आत्या उठली. गुडघे वाजले. बाबांनी हात पुढे केला, तो तिने धरला नाही. धाकटीच्या खांद्याला धरून उभी राहिली.

खेळ साधाच झाला. मुलींचे पास चुकत होते, बूट दोनदा पायातून निघाले. तरी कुणी उठून गेलं नाही. मध्यांतराची शिट्टी झाली तेव्हा गोल नव्हता. दिवे लागले होते आणि मैदान रिकामं होतं. बाबा शेवटच्या बाकापर्यंत चढून आले, हातात चेंडू घेऊन. धाप लागली होती.

“ताई, पंधरा मिनिटं आहेत. मैदान मोकळं आहे. डावीही आहे. घ्या तुमचा राहिलेला तुकडा.”

मला वाटलं ती रडेल. त्यांनाही वाटलं असावं.

“मध्यांतरात?” आत्या म्हणाली. “पुन्हा मध्यांतरात बोलावतोस? आमचा तुकडा आम्ही वेळ लावून खेळू. पोस्टर लावून. जिवंत असतील तेवढ्या मिळून. आणि तेव्हा तू रेषेबाहेर उभा राहायचंस.”

बाबा चेंडू घेऊन खाली उतरले.

आत्या मला म्हणाली, चल, चहा घेऊ. या मैदानावर मध्यांतराचा चहा तिने कधी घेतला नव्हता. मध्यांतरात ती मैदानात असायची, आणि त्यानंतर ती इथे आलीच नव्हती. कँटीनवर आता त्या जुन्या चहावाल्याचा मुलगा होता. त्याने कप पुढे केला. आत्याने एक घोट घेतला, तोंडात फिरवला, आणि कप त्याच्यासमोर परत ठेवला.

“ह्यासाठी बंद केलं होतं आम्हाला?” ती म्हणाली.