मडक्यातली दिवड

शिराळ्याकडची माणसं सापाला भीत नाहीत, असं परगावचे लोक सांगतात. साफ खोटं आहे. भितो आम्हीही. फक्त कुठल्या सापाला भ्यायचं हे आम्हाला ठाऊक असतं, आणि ठाऊक नसलं तर आम्ही नाथाजीकडं जायचो.

नाथाजी मांत्रिक नव्हता. मंतर घालणाऱ्याला तो तोंडावर भोंदू म्हणायचा, त्यामुळं निम्मा गाव त्याच्यावर खार खाऊन होता. आईबाप पटकीच्या साथीत गेले तेव्हा धाकटा अर्जुना रांगत होता. त्याला वाढवता वाढवता नाथाजीचं स्वतःचं लग्न राहून गेलं. पुढं त्यानं अर्जुनाचं लग्न लावून दिलं, अंजना घरात आली आणि चुलीला बाईचा हात लागला. थोडा ऊस, एक बैलजोडी आणि हा भाऊ, एवढाच त्याचा संसार.

कुणाला साप चावला की माणूस आणि साप दोन्ही त्याच्या दारात आणायचे, असा गावचा रिवाज होता. तो काडीनं सापाचं तोंड उघडून दात बघायचा. मग चावलेल्याला कडुनिंबाचा पाला चघळायला द्यायचा. पाला कडू लागला तर अंगात विष नाही, घरी जाऊन भाकरी खा. कडू लागला नाही तर सांगलीच्या दवाखान्याला गाडी जुंपा. त्याची पारख चुकलेली कुणाला आठवत नव्हती, आणि मला विचाराल तर तेच वाईट झालं. ज्याचं कधी चुकत नाही त्याला कुणी उलट प्रश्न विचारत नाही. तो स्वतःलाही विचारत नाही.

सेहेचाळीस साल होतं. अर्जुना पलटणीतून सुटून आला होता आणि मी चालवत होतो त्या लॉरीवर क्लिनर म्हणून लागला होता. कराडहून गूळ भरून चिपळूणला न्यायचा, येताना मीठ आणि सुकट. लढाई संपली तरी पेट्रोल मिळत नव्हतं. आमची लॉरी कोळशाच्या गॅसवर खोकत खोकत कुंभार्ली घाट चढायची.

चिपळूणच्या धक्क्यावर एक कोळी जाळ्यातला साप काठीनं बाजूला सारत होता. राखी रंगाचा, अंगावर काळपट पट्टे. मधे जाड आणि डोक्याकडं बारीक. अर्जुनाला तो हवाच झाला.

"हात लावू नकोस," कोळी म्हणाला, "वाईट जात आहे ती."

"आमच्या घरात सापांचा वकील हाय," अर्जुना हसत म्हणाला. "त्यानं असलं अशील कवा बघितलं नसंल."

खाडीच्या पाण्यानं भरलेल्या मडक्यात त्यानं साप घातला, तोंडाला फडकं बांधलं आणि मडकं मिठाच्या पोत्यांमधे बसवलं. मला ते आवडलं नव्हतं. घाटभर माझे कान त्या मडक्याकडं लागले होते, पण आतून फुत्कार नाही की धडपड नाही. काही साप निदान ओरडून तरी सांगतात.

पाटणला मडक्यात कोयनेचं पाणी ओतताना फडकं आत पडलं. अर्जुनानं ते काढायला हात घातला आणि झटक्यात मागं घेतला. अंगठ्यावर बारीक टोचे उठले होते. रक्त नाही, सूज नाही.

"काटा टोचल्यागत झालं," तो म्हणाला.

"कराडात डॉक्टरला दाखवू."

"गड्या, घरात दादा असताना डॉक्टरला कशाला पैसं द्यायचं?"

कराड मागं पडलं तसा तो मान चोळायला लागला. घाटातल्या धक्क्यांनी अवघडली, म्हणाला. पुढं मांड्या दुखायला लागल्या. गावात पोचलो तेव्हा ऊन कलत होतं आणि त्याला लॉरीतून उतरताना माझा खांदा धरावा लागला.

नाथाजीनं भावाचा अंगठा बघितला, मग साप बाहेर काढला. जमिनीवर त्याला धड सरपटताही येईना, एका अंगावर लोळून पडला. शेपटी चपटी होती.

"शेपूट चेपलंय रं तुमच्या लॉरीत," नाथाजी मला म्हणाला. काडीनं त्यानं तोंड उघडलं. "दात कुटं हायत? ही दिवडच. खाऱ्या पाण्यातली, म्हणून रंग वेगळा. पाण्यातल्या सापाला इख नसतंया."

तरी रिवाज म्हणून त्यानं पाला आणला. अर्जुनानं तोंड वाकडं केलं. "लय कडू हाय दादा."

"मग झालं तर! जा, पड जरा."

अंजना दारात उभी होती. "आवं भावजी, त्यास्नी मान हलवता येईना. सांगलीला न्हेऊ या की."

"लॉरीनं अंग आंबलंय. इख असतं तर अंगठा सुजला असता."

जेवायला बसला तेव्हा अर्जुनाला घास चावता येईना. दातखीळ बसल्यासारखा जबडा घट्ट झाला होता. अंजनानं दुधात भाकरी कुस्करून दिली, तीही गिळता आली नाही. तिनं वाटी बाजूला सारली. नाथाजी मात्र बोलतच राहिला, एकेक लक्षण घेऊन त्याचं कारण सांगत राहिला, आणि त्याच्या आवाजाला धार चढत गेली. मला तेव्हाच कळायला हवं होतं. खात्री असलेला माणूस इतकं बोलत नाही.

उजाडता अर्जुना परसात लघवीला गेला. त्याला धरायला नाथाजी होता. परत आले तेव्हा नाथाजीचा चेहरा पार उतरला होता.

"सयाजी, लॉरी काढ," तो मला म्हणाला. "काकवीगत काळी हुतीया."

भट्टी पेटवून गॅस तयार व्हायला वेळ लागतो. तो वेळ नाथाजीनं, अंजनानं आणि मी कसा काढला ते आम्हालाच ठाऊक. पेठ, इस्लामपूर, आष्टा. मडकं नाथाजीच्या मांडीवर होतं. आतला साप मेला होता.

सांगलीच्या डॉक्टरनं नाग, मण्यार, घोणस सगळं बघितलेलं, पण मडक्यातला साप त्याच्या ओळखीचा नव्हता. त्यानं कॉलेजातून प्राणिशास्त्राचे प्रोफेसर गोपाळकृष्ण फाटक यांना बोलावून घेतलं. त्यांनी व्हरांड्यात साप परातीत मांडला, भिंग लावलं आणि हलक्या आवाजात नाथाजीला एकेक खूण दाखवत गेले.

"शेपटी चेपलेली नाही, ती वल्ह्यासारखीच असते. पोटाचे खवले बघा किती अरुंद आहेत, म्हणून त्याला जमिनीवर चालता येत नाही. वरचा ओठ पोपटाच्या चोचीसारखा खाली वळलाय. आणि हनुवटीखाली हा एकच खवला, खाचेत रुतलेल्या कुसळासारखा. ही खूण दुसऱ्या कुठल्या सापाला नसते. चोचीचा समुद्रसाप. विष नागाहून जहाल आहे."

"पर सूज न्हाई. पाला कडू लागला."

"याचं विष स्नायू खातं. सूज येत नाही, आणि जिभेला शेवटपर्यंत सगळं कळतं."

"औषद?"

"लस जमिनीवरच्या सापांची आहे. याच्यावर कुठंच नाही."

"मग कालच आणला असता तर?"

प्रोफेसर भला माणूस. "कदाचित फरक पडला नसता," ते म्हणाले. पण त्या 'कदाचित'वर ते जरा अडखळले. दाराशी उभ्या असलेल्या अंजनानं ते ऐकलं.

आत अर्जुनाच्या पापण्या खाली आल्या होत्या, छातीचा भाता मंद चालला होता. शुद्ध मात्र लख्ख होती. नाथाजीनं खाटेशी बसून त्याचा हात हातात घेतला. अर्जुना मिटल्या दातांतून बोलला. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता.

"दादा... दिवडच हाय न्हवं?"

आयुष्यात सापाविषयी तो कधी खोटं बोलला नव्हता.

"व्हय रं," तो म्हणाला. "दिवडच हाय."

अर्जुनाच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. भावाचा शब्द खरा मानायची त्याची सवय लहानपणापासूनची होती. अंजना पुढं आली, नाथाजीच्या हातातून तिनं नवऱ्याचा हात सोडवून घेतला आणि त्याचा श्वास थांबेपर्यंत स्वतःच्या हातात धरून ठेवला.