वस्तरा फिरल्यावर

"ही तुझी नाही गं, अनसूया."

सिस्टरबाई असं म्हनाल्या तवा पोरगी माझ्या मांडीवर व्हती. पावडरीचं दूध चमच्यानं पाजत व्हते तिला. म्या म्हनलं, "चेष्टा करता व्हय बाई?"

सिस्टरबाई कवा चेष्टा करत न्हाईत. त्या वाकल्या, पोरीची हनुवटी वर केली आन् म्हनाल्या, "ही मंगल. टायफॉइडच्या बाईची. तुझी शकी कुठं आहे?"

म्या मांडीवर बघितलं. बोडकं डोकं, दोन डोळं, नाक, तोंड, मांजरपाटाचं झबलं. माझ्या मांडीवर व्हती म्हनून माझी. दुसरी काय खूनच न्हवती.

आन् मग माझ्या हातातला चमचा पडला. कारन मगाशीच मंगलचा मामा आला व्हता, आन् म्या माझ्या हातानं एक झोपलेलं पोर त्याच्या खांद्यावर टाकलं व्हतं. "जपून न्या," असंबी म्हनले व्हते. आन् त्यो येष्टी गाठायला निघून गेला व्हता.

मी शिरूरच्या दवाखान्यात आया हाय. आया म्हंजी नर्स न्हवं. नर्स सुई टोचती, आया शी-शू काढती, दूध पाजती, फडकी उकळती. माझी ड्युटी लेकरांच्या खोलीत. ज्या बाया वॉर्डात पडून असत्यात आन् ज्यांची लेकरं बघायला घरी कोन नसतं, ती लेकरं आमच्याकडं. आमा आयांची बारकी पोरंबी तिथंच. त्यात माझी शकी. नुकती चालाय लागलीया.

त्या दिवशी खोलीत उवा झाल्या. पार भुवयांपर्यंत. सिस्टरबाईंनी ऑर्डर दिली, समद्यांची डोकी साफ. न्हावी आला, अंगनात बसला, एकेक डोकं धरून वस्तरा फिरवला. पोरं नुसती किंचाळत व्हती. मग टबात औशधाच्या पान्यानं आंघोळी. घरची कापडं उकळायला टाकली, हातातलं गंडं-दोरं मळकट म्हनून कापलं, आन् समद्यांना एकसारखी दवाखान्याची झबली चढवली. मी तवा बाहेर चुलीवर कापडं ढवळत व्हते. रडून रडून पोरं झोपली तवा मी आत आले.

आन् आत आले ती दारातच थांबले. खोलीत माझ्या वळखीचं कोनच न्हवतं.

आता हे कसं सांगू. मी तिसरी शिकलेली बाई. शाळंत पयल्या वर्साला मला अक्षरं येत व्हती, क येत व्हता, म येत व्हता, ळ येत व्हता, पन तिन्ही एका जागी आली की त्याचं कमळ व्हायचं न्हाई. गुर्जी म्हनायचे वाच, मी म्हनायची क, म, ळ. पुढं ते जमलं. पन मानसाच्या तोंडाचं मला अजून तसंच हाय. नाक दिसतं, डोळं दिसत्यात, समदं दिसतं. पन त्याचं मिळून मानूस व्हत न्हाई.

मग मी मानसं वळखते कशी? लुगड्यावरनं. चालीवरनं. खोकल्यावरनं. शकीची मला तीन गोष्टींनी खून व्हती. कपाळावर भोवरा, गालावर म्याच लावलेली मोठी तीट, आन् मनगटाला काळ्या दोऱ्यात घुंगरू. भोवरा वस्तऱ्यानं गेला, तीट पान्यानं गेली, घुंगरू कात्रीनं गेलं.

आन् मला वाटायचं समद्यांचं असंच असतं. खरं सांगते. सासरे वारले तवा मालकांनी मिशी काढली. सुतकात घरी आले तर म्या परका पुरुस समजून पदर तोंडावर वढला आन् आत पळाले. समदी म्हनाली, सून लई लाजाळू. मी पन तेच समजले.

तर मी दारातनं आत गेले. तेवढ्यात मामा आला. "मंगलला न्यायचीया, वडगाव रासाईला. बहिनीला बरं वाटंस्तवर आमची आई संभाळंल." सिस्टरबाई आतल्या वॉर्डातनं म्हनाल्या, "दे गं त्यांच्याकडे." त्यानं भाचीला बारशालाच बघितली व्हती, त्यो कुठनं वळखनार. दोन पोरी शेजारी झोपलेल्या. मला वाटलं भिंतीकडंची मंगल. सकाळी ती भिंतीकडं व्हती म्हनून. आंघोळीनंतर कुनाला कुठं निजवलं, कोन इचारनार?

सिस्टरबाईंनी मंगलला उचलली आन् मला म्हनाल्या, "पळ."

मी पळाले. पायात काय न्हवतं. ऊन असं की डांबर पायाला चिकटत व्हतं. स्टँडवर गेले. समद्या टोप्या पांढऱ्या. समदी धोतरं पांढरी. समद्यांच्या खांद्याला पिशवी. मामा माझ्या म्होरनं गेला असता तरी मला कळला नसता.

वडगावची गाडी उभी व्हती. कंडक्टर दारात उभा राहून तिकिटाची पेटी खडखडवत व्हता.

"भाऊ, एक मानूस बसला का? पोर घिऊन?"

"कसा दिसतो?"

मी खिडक्यांतनं आत बघाय लागले.

"अवं बाई, काळा का गोरा? म्हातारा का तरना?"

"पायतान करकर वाजतंय त्याचं."

"पायतान." त्यानं डायवरकडं बघितलं. "बरं, पोर कसं हाय?"

"बोडकं."

"कुनाचं हाय?"

"माझं."

"आन् कसं हाय ते ठावं न्हाई?" डायवर हसला. "बाई, गाडी सुटायचा टाइम झालाय. घरी जाऊन ईचार करून या."

म्या त्याला ढकलला आन् वर चढले. गाडी भरलेली. कोंबड्या, पाट्या, भाजीची गाठुडी. आन् मधल्या बाकावर एक बाई, तिच्या मांडीवर बोडकं लेकरू. माझा जीव भांड्यात पडला. म्या हात पुढं केलं.

"ए, ए, काय करतीस?" बाईनं लेकरू छातीशी धरलं. "देवाला जाऊन जावळ काढून आलोय. पोरगा हाय माझा. दिसत न्हाई व्हय?"

न्हाई दिसत, बाई. म्या काय सांगायचं तिला? मी लेकराकडं बघत राह्यले. त्यानं माझ्याकडं बघितलं. नाक, डोळं, तोंड. आरडावं तरी काय? शकीला नावानं हाक मारली तर तिला अजून 'ओ' द्यायला येत न्हाई. समदी गाडी माझ्याकडं बघत व्हती. कोनतरी म्हनलं, "वारं लागलंय हिला." कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला.

लोकांची पायतानं बघाय मी बाकाला धरून खाली वाकले. आन् मागनं कुनीतरी माझ्या कानाची पाळी धरली.

बारकी दोन बोटं. पाळी चिमटीत धरून चोळत व्हती, आन् नाकातनं हूं, हूं.

शकी झोपताना असंच करती. माझीच पाळी लागती तिला, आजीची दिली तर झिडकारती. म्या मागं बघितलंच न्हाई. बघून काय कळनार व्हतं? म्या डोळं मिटलं, हात मागं नेला आन् तिला वढून घेतली. मागच्या बाकावरची म्हातारी म्हनत व्हती, "अगं, एका मानसानं धरायला दिलीया, त्यो केळी आनाय गेलाय."

तेवढ्यात करकर वाजली. मामा केळी घिऊन चढला. आन् दारातनंच म्हनाला, "अवं, तुमी दवाखान्यातल्या आयाबाई न्हव का? इकडं कुठं?"

एकदाच बघितलं व्हतं त्यानं मला. तेबी घाईत, अर्ध्या अंधाऱ्या खोलीत. आन् भरल्या गाडीत पाठमोरी वळखली.

म्या सांगितलं, ही माझी, तुमची तिकडं हाय. गाडी निघून गेली. आमी दोघं रस्त्यानं मागं चाललो. मामा बरा मानूस व्हता. वरडला न्हाई. केळं सोलून शकीला दिलं. निम्म्या वाटंत म्हनाला, "बाई, माझं जाऊ द्या. म्या बारशालाच बघितली व्हती. पन तुमचं काय?"

म्या शकीला दुसऱ्या खांद्यावर घेतली आन् चालत राह्यले.

मंगल त्याच्याकडं दिली. मग सिस्टरबाईंनी मला व्हरांड्यात बसवलं.

"समोरची पाटी वाच."

"येथे थुंकू नये."

"डोळे तर चांगले आहेत. मग?"

तवा म्या समदं सांगितलं. क, म, ळ सांगितलं, मालकांची मिशी सांगितली. जन्मात पयल्यांदा कुनाला सांगितलं, आन् सांगता सांगता त्यांच्या गप्प बसन्यावरनं मला उमगलं की दुसऱ्यांचं असं नसतं.

"मग मला कशी ओळखतेस?"

"पांढरी साडी, कपाळाला कुंकू न्हाई, आन् उजवी चप्पल घासून चालता."

त्यांनी चपलीकडं बघितलं. "आणि धाकट्या सिस्टरला?"

"त्यांच्या किल्ल्या वाजत्यात."

"मी रंगीत लुगडं नेसून, कुंकू लावून, न बोलता तुझ्यासमोर उभी राहिले तर?"

म्या त्यांच्या पायाकडं बघितलं.

"तर मी कोण, अनसूया?"

"कोन न्हाई, बाई."

मला वाटलं आता म्हनतील, उद्यापास्नं येऊ नको. सिस्टरबाई उठल्या, कपाटातनं बँडेजचा रोल काढला, आन् त्याच्या पट्ट्या फाडाय लागल्या. "नावं लिहिता येतात ना? प्रत्येकाच्या मनगटाला बांध. कुणी विचारलं तर सांग, डोकी भादरली म्हणून बांधल्या." मग पाठमोऱ्या उभ्या राहून म्हनाल्या, "तुझा नवरा रविवारी येतो ना? त्याला तू सांग. तो मामा गावात बोलणार. दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर वाईट होईल."

संध्याकाळी शकीला घिऊन घरी गेले. सासूबाई वट्यावर तांदूळ निवडत व्हत्या. लांबनंच म्हनाल्या, "अगं, काय ही दशा केली लेकराची. पन बोडकी केली तरी हनुवटी बापाचीच हाय."

शेजारची कासाबाई म्हनली, "व्हय की, हुबेहूब."

म्या हनुवटी बघितली. हनुवटीसारखी हनुवटी व्हती.

तर नोकरीतनं एवढं शिकले, पोराला वस्तरा लावायच्या आदी मनगटाला पट्टी बांधावी, मागनं न्हाई. दवाखान्यात आता तीच रीत पडलीया.

पन परवा रविवार हाय. मालक दौंडला रेल्वेत विंजनाच्या शेडात खलाशी हायेत, विंजनं पुसत्यात, सकाळच्या गाडीनं येत्यात. मी त्यांना कोळशाच्या आन् तेलाच्या वासानं वळखते. सांगावं तर त्यांना कळंल, की बायकूनं आपलं तोंड आजवर कवा वळखलंच न्हाई. आन् सासूबाईंच्या कानावर गेलं तर पोर हातातनं काढून घेतील. म्हनतील, जिला सोताचं लेकरू कळंना, तिच्याकडं लेकरू ठेवायचं कसं? त्यांचंबी काय चुकलं? न सांगावं, तर मंगलचा मामा हाय, बाजार हाय, लोकांची तोंडं हायेत.

शकी आत्ता मांडीवर हाय. हातात माझी पाळी धरून झोपलीया. मनगटाची पट्टी म्या घरीबी सोडली न्हाई.

बायांनो, माझ्या जागी तुमी असता, तर काय केलं असतं?