मेधाताईंचा गुरुवार

"तिला काकडी चिरायला दे. शिजवायचं आपण बघू."

मेधाताई हे आपल्या नवऱ्याला, नितीनदादांना, दबक्या आवाजात सांगत होत्या. मी वर जिन्यात होते. जर्मनीतलं तळ्याकाठचं छोटं गाव, गुरुवारच्या सुट्टीला जोडून चौघांनी भाड्याने घेतलेलं घर. स्वयंपाकघरात प्रज्ञा तिच्या आईने विक्रोळीहून पाठवलेल्या मसाल्याची पिशवी उघडत होती.

मेधाताई मुलुंडच्या. आमच्या जर्मन शहरात नव्याने आलेल्या मराठी मुलीला त्या दुसऱ्याच दिवशी डबा घेऊन भेटत. मी तापाने पडले होते तेव्हा मुगाची खिचडी त्यांनीच आणून भरवली. बोलणं झरझर, हसणं मोठं, वाढताना हात सैल. पण ओळख झाली की नावानंतर आडनाव, आडनावानंतर "मूळचे कुठले गं तुम्ही?" माझं उत्तर ऐकून "वाटलंच मला" म्हणाल्या आणि माझ्या भातावर आणखी तूप सोडलं. मी घाटकोपरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. काय वाटलं, हे विचारायचं मला सुचलंही नाही.

प्रज्ञा माझ्या शेजारच्या खोलीत राहायची. तिच्या आडनावावरून मेधाताईंना अंदाज येईना. मग विक्रोळीत कुठे, गाव कुठलं, घरी कुठला देव, असं सुरू झालं. शेवटी तीच म्हणाली, "आम्ही बौद्ध, मेधाताई. एवढंच हवं होतं ना?"

"अगं असू दे गं, मी काही मानत नाही."

हे वाक्य त्यांच्या तोंडात कायम तयार असे. त्यानंतर प्रज्ञाने जेवायला बोलावलं की त्यांचा उपास निघे, नाहीतर ॲसिडिटी. त्यांचे डबे मात्र तिच्याकडे येत राहिले. डबा रिकामा परत द्यायचा नाही, हे प्रज्ञाला घरून शिकवलेलं. एकदा तिने त्यात रव्याचे लाडू घालून दिले. दोन दिवसांनी मी मेधाताईंकडे चहाला गेले आणि चहाचा चोथा टाकायला ओल्या कचऱ्याचा डबा उघडला. बटाट्याच्या सालांवर लाडू होते. अख्खे, एकही न मोडलेला. चहा तसाच ठेवून मी निघाले. प्रज्ञाला काय सांगणार होते?

तिला संशय होताच. नोकरी लागली तेव्हा म्हणाली, "मला खोली त्यांनीच मिळवून दिली, यार. एकदा माझ्या हातचं जेवल्या ना, की माझ्या डोक्यातलं सगळं जाईल." म्हणून ती या सहलीला आली होती, मसाला घेऊन.

दुपारी आम्ही जेटीवर गेलो. तिथे एक माणूस धुरावर शिजवलेला मासा पावात घालून विकत होता. नाक पुसलेल्या हातानेच त्याने पाव उघडला. मेधाताईंनी एक संपवला, दुसरा घेतला, बोटं चाटली.

"अगं, आज गुरुवार ना?" नितीनदादा म्हणाले.

"परदेशात कसला आलाय वार?"

प्रज्ञाने त्याच्याकडूनच ताजे मासे घेतले.

संध्याकाळी नितीनदादांनी सुरी आणि काकडी तिच्यापुढे ठेवली. तिने काकडी चिरली आणि कालवणही केलं. ओट्यापासून ती हललीच नाही. घरभर खोबऱ्याचा आणि मिरचीचा वास पसरला, तसा मेधाताईंनी उठून खिडक्या उघडल्या.

टेबलावर प्रज्ञाने पहिली वाटी मेधाताईंपुढे धरली. नितीनदादांनीही ताट पुढे केलं होतं. बायकोने नुसतं पाहिलं, तसं त्यांनी ते मागे ओढलं आणि दही घेतलं.

"मला नको गं," मेधाताई लोणच्याची बाटली उघडत गोड आवाजात म्हणाल्या. "आज गुरुवार. तू मनाला लावून घेऊ नकोस हं. मी काही मानत नाही, पण वार पाळते."

प्रज्ञाच्या हातातली वाटी तशीच राहिली. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. ज्या हाताने मला खिचडी भरवली, तो हात भातात लोणचं कालवत होता. मला त्याची किळस आली, आणि त्या खिचडीचीही. चारचौघांत मी कधी बोलत नाही. बोलले तेव्हा आवाज नको तितका मोठा निघाला.

"दुपारीही गुरुवारच होता, मेधाताई. प्रज्ञाच्या हातचं खायचं नाही, तसं सांगा ना तिला."