उंदरांची खुशाली

"काय रे, तुझी मंडळी काय म्हणतात आज?" मी फाटकातून आत शिरलो की काका ओट्यावरून विचारायचे. माझं लग्न झालं नव्हतं, त्यामुळे नवखा माणूस चमकायचा. मंडळी म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतले उंदीर.

काका आमचे शेजारी. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाले आणि पाठोपाठ त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. एक दिवसाआड डायलिसिस. मी फार्मसी कॉलेजात संशोधनाला होतो. मूत्रपिंड निकामी झालेल्या उंदरांना आम्ही हार्मोनसारखं काम करणारं एक पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा लहानसा तुकडा, टोचत होतो. हे कळल्यापासून काका स्वतःच्या रिपोर्टआधी उंदरांची चौकशी करत.

"लघवी झाली का त्यांना?" भर रस्त्यात विचारायचे. भाजीवाली माझ्याकडे बघत राहायची.

सुरुवातीला उंदीर खरंच सुधारले. रक्तातलं क्रिएटिनिन उतरलं. मी बजावलं, "काका, हे माणसांचं औषध नाही. कधी होईल की नाही, तेही माहीत नाही."

"ठाऊक आहे रे. पण सुधारतायत ना?"

काकू आपलं एक मूत्रपिंड द्यायला कधीच्या तयार होत्या. तपासणीचा विषय निघाला की काका म्हणत, "थांब गं, याच्या उंदरांचं बघू आधी." सकाळी पिंजऱ्यांच्या खोलीचं दार उघडताना हात जड व्हायचा.

आणि एके दिवशी उंदीर कोपऱ्यात सुस्त पडलेले दिसले. क्रिएटिनिन पुन्हा चढलं होतं. बघता बघता बहुतेक गेले.

मी दोघांसमोरच सांगितलं. काका हळू म्हणाले, "फार त्रास झाला का त्यांना?"

"उद्या तपासणीला जायचं," काकू म्हणाल्या. "आता कारणं सांगू नका."

मीच दोघांना घेऊन गेलो. सगळे रिपोर्ट आले तेव्हा डॉक्टर म्हणाले, काकूंना मधुमेह आहे, त्यांचं मूत्रपिंड घेता येणार नाही. काकू तिथेच रडायला लागल्या. काकांनी मात्र मोठा श्वास सोडला. जिन्यात मला म्हणाले, "हिला ऑपरेशनच्या टेबलावर झोपवायचं, या धास्तीनं डोळा लागत नव्हता रे."

काका त्याच वर्षी थंडीत गेले. मला ते आठवतात त्या परतीच्या रिक्षात. सुयांनी गाठी आलेल्या हातात काकूंचा हात धरलेला, आणि पुढे वाकून रिक्षावाल्याला सांगतायत, "सावकाश घ्या, दादा. हिची पाठ दुखते."